धाकूच्या दंडावरचे चार फोड

धाकूला भीती म्हणून कशाची नव्हती, असं आपलं तोच सांगायचा. ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरात राबणारा हा गडी बांधावरचा नाग शेपटीला धरून भिरकावून द्यायचा. पण सुईचं नाव काढा, की याचं पाणी पाणी!

आणि नेमकं लग्न ठरलं सगुणाशी. तिची आई सखुबाई मोठी खमकी. थोरली लेक देवीच्या आजारात गेलेली, म्हणून बाईने अट घातली, "दंडावर देवी टोचल्याच्या खुणा दाखव. नायतर हळद नाय लागायची."

धाकूचा सगुणावर भारी जीव. गेला बापडा आगगाडीने कल्याणला. तिथे टोचणाऱ्याच्या दाराशी उभा राहिला, आत एक पोर किंचाळलं, आणि हा पठ्ठ्या पुढच्याच गाडीने परत! येताना बाजारातून बिब्बा तेवढा आणला. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतो, हे कुणाला ठाऊक नाही? धाकूने दंडावर चार ठिपके दिले. दंड हा सुजला, अशी आग झाली की सुई परवडली असती. पण कबूल कोण करणार?

सखुबाई मात्र खूश. गावभर सांगत सुटली, "आमचे जावईबापू सगळ्यांच्या आधी टोचून आले!"

आठ दिवसांनी देवीडॉक्टर हरिहरपंत गावात आले. नाकावर दोऱ्याने बांधलेला चष्मा. तेव्हाची रीत अशी, की एकाच्या दंडावरच्या पिकलेल्या फोडातली लस काढून दुसऱ्याला टोचायची. पंतांनी त्यासाठी आणलेल्या पोराने वाटेतच आपले फोड खाजवून खाजवून फोडले होते. पंत कपाळाला हात लावून बसले.

"त्यात काय! आमच्या जावयाचा दंड हाय ना," सखुबाई म्हणाली. "पयली आमची सगुणा."

धाकूला चारचौघांत पाटावर बसवलं. पंतांनी चष्मा पुसून पाहिलं आणि मान डोलावली. "वा! काय टरारलेत!"

सगुणा बाही सारून समोर बसली. "पंत, यानं होतं काय हो?"

"अंगात राखणदार असतात, पोरी. त्यांना एक भुरटा चोर दाखवायचा. मग खरा दरोडेखोर आला, की ते चेहरा ओळखून त्याला दारातच बडवतात. चोर दाखवलाच नाही, तर राखणदार झोपलेले."

धाकूने आपल्या दंडाकडे पाहिलं. म्हणजे सगुणाचे राखणदार बिब्बा बघून निर्धास्त झोपणार, आणि देवी आली की...? थोरलीसारखी हीपण जाईल?

पंतांची सुई फोडाला टेकणार, एवढ्यात धाकू ओरडला, "थांबा! बिब्बा हाय तो! मी घाबरून परत आलेलो!"

मग काय विचारता! सखुबाईने हातातलं सूपच उगारलं. "मेल्या, बिब्बा? लगीन मोडलं, जा!"

सगुणा आधी पोट धरधरून हसली. मग म्हणाली, "आये, लगीन नाय मोडायचं. सुईला घाबरतो, पन माझ्यासाठी गावासमोर नाक कापून घेतलं त्यानं."

दुसऱ्या दिवशी पंत चांगल्या फोडाचं पोर घेऊन आले आणि सगुणाला टोचलं. आठव्या दिवशी तिचे फोड पिकले. तिच्या समोर धाकूला बसवलं. सखुबाई सूप घेऊन मागे उभीच.

"डोळे नको मिटू. माझ्याकडं बघ," सगुणा म्हणाली.

धाकू बघत बसला. बराच वेळ झाला, तसा म्हणाला, "पंत, टोचा की एकदाचं!"

"अरे, मघाशीच टोचलं. आता ऊठ, मागे रांग लागलीय."

लग्न लागलं, आणि त्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावात देवीची साथ आली. यांच्या घरात कुणाला साधा तापसुद्धा नाही. आणि धाकू? तो दंडावरच्या खुणा दाखवत सगळ्यांना सांगत सुटला, "मी घाबरलो नव्हतो रे. मला लस बायकोच्याच हातची पायजे होती, म्हणून थांबलेलो!"