फोनमावशींचे सात नियम

कुलूपवाल्यांनी उभ्या आयुष्यात एकही कुलूप विकलं नव्हतं. लोकांच्या वेबसाइट आपल्या सर्व्हरवर ठेवून घ्यायच्या आणि त्यांना एसएसएल प्रमाणपत्र, म्हणजे वेबसाइट सुरक्षित असल्याचा दाखला, विकायचं, हा त्यांचा धंदा. प्रमाणपत्र बसलं की ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत चिमुकलं कुलूप उमटतं. सगळ्या गोतावळ्याला या धंद्यातलं तेवढंच कळलं, म्हणून नाव पडलं कुलूपवाले. प्रमाणपत्र ते स्वतः बनवत नसत. लांबच्या एका मोठ्या कंपनीकडून घ्यायचं, गिऱ्हाइकाच्या वेबसाइटला स्वतःच्या हाताने बसवायचं, वर्ष भरलं की पुन्हा तेच. नाही बसवलं तर काय अनर्थ होतो, हे मात्र ते गिऱ्हाइकाला फार रंगवून सांगत.

त्या सोमवारी ते स्वतःलाच सांगत होते.

नर्सिंग शाळेच्या प्रमाणपत्राची मुदत दुपारी बाराला संपत होती. त्याच शाळेचे प्रवेशअर्ज त्याच दुपारी एकला बंद व्हायचे होते. आणि कुलूपवाल्यांच्या बहिणीच्या मुलीचा अर्ज अजून जायचा होता. वयाच्या अटीत बसायची तिची ही शेवटची खेप. पुढच्या वर्षी ती तीन महिन्यांनी मोठी ठरणार होती. तंदुरुस्तीचा सही-शिक्क्याचा कागद तिच्या हातात पडणार सव्वाबाराला, कारण डॉक्टर त्याआधी कुणाच्याच हाती लागत नसत. बाराला कुलूप गेलं की अर्जाच्या जागी लाल पान येणार, आणि त्यावर लिहिलेलं असणार की इथे तुमची माहिती चोरली जाऊ शकते.

काम इतक्या टोकाला आणायचं कशाला, असं बायकोने विचारलं होतंच. पण चार दिवस शिल्लक असलेलं प्रमाणपत्र फेकून नवं बसवणं त्यांच्या जिवावर येई. शिवाय अकरा वर्षं हे काम दहा मिनिटांत होत आलं होतं. शाळेला ते ‘नावानिशी’ प्रमाणपत्र विकत, म्हणजे आत संस्थेचं नाव घातलेलं. त्यासाठी कंपनीची तपासनीस संस्थेच्या जाहीर नंबरावर फोन करते, मागणी तुमचीच ना म्हणून विचारते, आणि खात्री पटली की प्रमाणपत्र सोडते. फोन तीनदा. तिन्ही वाया गेले तर मागणी रद्द.

साडेदहाला कंपनीचा निरोप आला. दोन फोन झाले होते. दोन्ही वेळा पलीकडच्या बाईंनी ‘आम्हाला काही नको’ म्हणून रिसीव्हर आपटला होता. तिसरा आणि शेवटचा फोन साडेअकराला.

कुलूपवाल्यांना दरदरून घाम फुटला. पलीकडच्या बाई म्हणजे फोनमावशी. शाळेच्या दाराशी टेलिफोनच्या टेबलामागे सव्वीस वर्षं बसलेल्या. आणि त्यांना हे शिकवलं कुणी, तर खुद्द कुलूपवाल्यांनी. महिन्यापूर्वी शाळेच्या कारकुनाला फोनवरून कुणीतरी गंडवलं, तेव्हा प्राचार्याबाईंनी कुलूपवाल्यांना भाषणाला बोलावलं होतं. त्यांनी सात नियम सांगितले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि नियम तिथेच खुर्च्यांवर ठेवून घरी गेले. मावशींनी ते लाल शाईने वहीत उतरवून घेतले.

कुलूपवाल्यांनी घाईघाईने शाळेचा नंबर फिरवला.

“मावशी, मी बोलतोय, कुलूपवाला.”

“नियम चार,” मावशी म्हणाल्या. “माझ्या नावाने फोन आला तरी विश्वास ठेवू नका.”

“अहो, तो मीच सांगितला होता!”

“हो ना. त्यांनीच सांगितलाय.” आणि फोन ठेवला गेला.

प्राचार्याबाई परीक्षेच्या हॉलमध्ये होत्या, म्हणजे त्यांचा मोबाइल बंद. कुलूपवाल्यांनी लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि स्कूटरला किक मारली. पुलावर एक ट्रक आडवा होऊन वळत होता. ड्रायव्हर अगदी निवांत होता. कुलूपवाल्यांनी हॉर्न वाजवला, मग हात जोडले, मग फुटपाथवरून स्कूटर घातली. एक पादचारी त्यांच्या सात पिढ्यांविषयी काहीतरी बोलला. ते ऐकायला वेळ नव्हता.

अकरा सत्तावीसला ते टेबलासमोर धापा टाकत उभे राहिले.

मावशींनी चष्म्यावरून पाहिलं. “चेहरा तर तोच दिसतोय. ओळखपत्र?”

“मावशी, तुम्ही मला चहा दिला होता हो! साखर जास्त झाली होती!”

“जास्त नव्हती झाली,” मावशी म्हणाल्या, पण ओळख पटली. “बोला, काय काम काढलंत?”

त्यांनी सगळं सांगितलं. बाराचं कुलूप, एकचा अर्ज, भाचीचं वय. मावशींचा चेहरा मऊ झाला. “असं होय. मग येऊ दे की फोन. मी बोलते तिच्याशी.”

अकरा एकतीसला फोन वाजला. कुलूपवाल्यांनी वाकून स्पीकरचं बटण दाबलं.

“नमस्कार. नर्सिंग शाळा का?” तपासनीस बाईंचा आवाज इस्त्री केल्यासारखा होता.

“हो, बोला.”

“आपल्या संस्थेने एका प्रमाणपत्राची मागणी केली आहे. ती कुणाच्या नावाने आहे, सांगाल का?”

कुलूपवाल्यांनी कागदावर ‘प्राचार्या’ असं भलंमोठं लिहून मावशींपुढे धरलं. मावशींनी ते वाचलं आणि वही उघडली.

“नियम दोन,” त्या फोनमध्ये म्हणाल्या. “समोरच्याने आधी सांगायचं. तुम्हीच सांगा कुणाच्या नावाने आहे. मी बरोबर की चूक ते सांगते.”

“माफ करा, मला नाव सांगता येत नाही. नाव तुमच्याकडून यावं लागतं. आमचा नियम आहे.”

“आमचाही आहे.”

“मी समजू शकते. पण तुम्ही सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.”

“मलापण नाही जाता येत, बाई.”

दोघीही शाळेत पहिल्या बाकावर बसलेल्या असणार. एकीचा आवाज चढला नाही, दुसरीने वही मिटली नाही. भिंतीवरचा काटा अकरा तेहेतीसवर आला.

“मावशी, सांगून टाका ना!” कुलूपवाले कळवळून म्हणाले. “आत्ताच्या आत्ता सांगा! वेळ नाहीये!”

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग वहीचं पान उलटलं. “नियम सात. शेजारी उभं राहून कुणी घाई करत असेल, तर फोन ठेवायचा.”

आणि त्यांनी तो ठेवला.

दोन मिनिटांत मोबाइलवर निरोप उमटला : मागणी रद्द.

आता खरी गोष्ट अशी, की दुसरा एक रस्ता होता. एक संस्था अशी प्रमाणपत्रं फुकट देते. तिथे माणूस मध्ये नसतो. यंत्र यंत्राला विचारतं आणि सगळं जमून आलं तर दोन मिनिटांत कुलूप लागतं. कुलूपवाल्यांना हे चांगलं माहीत होतं. गिऱ्हाइकांपैकी कुणी विषय काढलाच तर ते एवढंच म्हणत, ‘ते आपल्यासाठी नाही,’ आणि चेहरा असा करत, की समोरच्याला पुढे विचारायची लाज वाटे. आज ते स्वतःच्या हाताने, आणि तेही शाळेच्या टेबलावर बसून, कसं लावायचं?

म्हणून त्यांनी लॅपटॉपवर कंपनीच्या मदतकक्षाची खिडकी उघडली. ‘तुमच्या आधी एकोणतीस जण आहेत.’

अकरा पन्नासला एकवीस जण होते. बाराला चौदा.

बारा वाजून एक मिनिटाने टेबलावरचा फोन वाजला. मावशींनी उचलला. “हो... लाल पान? काय लिहिलंय?... चोरी होऊ शकते? अगंबाई! मग भरू नकोस, बाळा. बंद कर ते.”

“मावशी!”

“नियम एक. लाल पान दिसलं की काही भरायचं नाही,” मावशी म्हणाल्या आणि दुसरा फोन उचलला. “हो गं, चोरी. भरू नकोस.”

दहा मिनिटांत त्यांनी नऊ मुलींना वाचवलं. त्या मुलींचं वर्ष त्यात चाललं होतं, पण वाचवण्यात कसूर नव्हती. कुलूपवाल्यांनी शेवटी तारच खेचून काढायला हात पुढे केला आणि मावशींच्या नजरेने तो मागे घेतला.

सव्वाबाराला त्यांचा मोबाइल वाजला.

“मामा, कागद मिळाला! पण ते लाल पान आलंय रे.”

“माहितीय. पाच मिनिटं थांब.”

“खाली बारीक अक्षरांत ‘तरीही पुढे जा’ असं आहे. जाऊ?”

“नको!” ते ओरडले. भाचीची जन्मतारीख, घरचा पत्ता, फोटो, सगळं खात्री नसलेल्या पानावर पाठवायचं? त्यांनीच तिला लाल पानाची भीती घातली होती, आणि ती भीती खरी होती. “हात लावू नकोस कशाला.”

“मग राहू दे का यंदाचं?” ती विचारत नव्हती, सांगतही नव्हती. आवाज नुसता बारीक झाला होता.

मदतकक्षात आठ जण उरले होते. कुलूपवाल्यांनी ती खिडकी बंद केली.

फुकटवाल्या यंत्राला त्यांनी शाळेच्या वेबसाइटचं नाव दिलं. यंत्र त्या पत्त्यावर जाऊन एक खुणेची फाइल शोधतं. ती दिसली की पटलं. यंत्र गेलं, परत आलं : दिसली नाही. पुन्हा. दिसली नाही. पाच वेळा चुकलं की यंत्र तासभर दार लावून घेतं, आणि एक वाजायला अडतीस मिनिटं होती.

तिसऱ्यांदाही नाही.

ते थांबले. मग त्यांनी पत्त्यांच्या नोंदी उघडल्या आणि कपाळावर हात मारला. गेल्या वर्षी त्यांनी शाळेची वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवली होती, पण नोंदीत नव्या पत्त्याशेजारी जुन्याचाही तसाच राहिला होता, आणि यंत्र आधी तिथेच जात होतं. यंत्र बिचारं रिकाम्या घराची कडी वाजवत होतं. नोंद पुसायला एक क्षण लागला. पुसल्याची बातमी जगभर पोचायला दहा मिनिटं लागणार होती, आणि ती कमी करणं कुणाच्याच हातात नव्हतं.

त्या दहा मिनिटांत परीक्षा संपवून प्राचार्याबाई खाली आल्या.

“फोन का वाजताहेत एवढे?”

“तुमचं कुलूप गेलंय, बाई,” मावशींनी सांगितलं. “हे लावताहेत. मी कुणाला भरू दिलं नाहीये.”

प्राचार्याबाई खुर्ची ओढून कुलूपवाल्यांच्या खांद्यामागे बसल्या. परीक्षेत कॉपी करणाऱ्यामागे बसतात तशा.

बारा पस्तीसला त्यांनी चौथ्यांदा बटण दाबलं. नाही. बातमी अजून पोचली नव्हती. आता एकच खेप उरली होती.

“दाबा की,” मावशी म्हणाल्या.

“थांबा जरा.”

“एक वाजेल.”

“मावशी, घाई करू नका!”

बारा बेचाळीसपर्यंत ते नुसते काट्याकडे बघत राहिले. मोबाइल एकदा थरथरला; बहीण होती. त्यांनी तो उपडा ठेवला. मग डोळे मिटून बटण दाबलं.

डोळे उघडले तेव्हा पट्टीत कुलूप होतं.

“भर,” त्यांनी भाचीला सांगितलं. मावशींनीही रिसीव्हर उचलला. नऊ जणींचे नंबर त्यांनी वहीत लिहून ठेवले होते. “हो गं, आता भर. मी समोर बसून लावून घेतलंय.”

बारा चौपन्नला भाचीकडून पडद्याचा फोटो आला : अर्ज मिळाला, क्रमांक अमुक. खाली तिने काही लिहिलं नव्हतं, फक्त पाच उद्गारचिन्हं होती. कुलूपवाल्यांनी खुर्चीत पाठ टेकली. शर्ट पाठीला चिकटला होता.

प्राचार्याबाई पडद्याकडे वाकल्या. “हे नेहमीचंच कुलूप आहे ना?”

“हो... म्हणजे, हे दुसरं आहे. फुकटचं.”

“दिसतंय तर तसंच.”

“तसंच दिसतं.”

“काम?”

“तेच करतं.”

“मग आपण दर वर्षी घेतो, त्या नावानिशीमध्ये काय असतं?”

अकरा वर्षं घोटलेलं उत्तर त्यांच्या जिभेवर आलं. त्यात ‘विश्वासार्हता’ हा शब्द दोनदा होता. त्यांनी ते गिळलं.

“पट्टीत टिचकी मारायची. मग आणखी एक. मग एक खिडकी उघडते, तिच्यात खाली शाळेचं नाव दिसतं.”

“आणि ते कोण बघतं?”

कुलूपवाल्यांनी प्रामाणिकपणे विचार केला.

“मी बघतो,” ते म्हणाले. “बसवून झालं की, एकदा.”