टेकडीवरचा सोफा

आमच्या गल्लीतल्या सोफेवाल्याच्या हाताला असा काही गुण होता की त्याच्या सोफ्यावर माणूस चहाला बसला तर जेवूनच उठायचा. एक पाहुणा तर गाद्यांमध्ये इतका रुतला, की घरचे त्याला गावभर शोधून आले. खोटं वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. मी त्याचा फक्त एक बूट पाहिला, पण पाहिला.

लाकडी सांगाडा करायची बायको, त्यावर स्प्रिंग, काथ्या, फोम चढवून तो मऊ करायचा नवरा. दोघांनी मिळून घरासाठी एक सोफा केला आणि तिथेच घात झाला. घरातलं सगळं आयुष्य त्या सोफ्यावर येऊन बसलं. जेवण त्यावर, अभ्यास त्यावर, भांडणंसुद्धा पडल्यापडल्या. लेक तर इतकी मऊ झाली, की सगळे तिला लोणीच म्हणायला लागले.

शाळेचा जिना चढताना लोणी मध्येच पायरीवर बसायला लागली, तेव्हा आई तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी छाती तपासली, पाय तपासले आणि म्हणाले, "आजार काही नाही. पोरगी बाहेर पडत नाही, एवढंच. ऊन, वारा लागू द्या, पळू द्या. अशीच बसून राहिली तर मात्र पुढे जड जाईल."

आईने घरी येऊन फर्मान काढलं, "उद्यापासून सगळ्यांनी फिरायला जायचं."

"जाऊ की," नवरा आडवा पडूनच म्हणाला. लोणीनेही मान हलवली. कोणी जागचं हललं नाही. आठवडाभर हेच. मग एका सकाळी बाप-लेक उठून बघतात तर काय, सोफा गायब! बाईने पहाटे त्याचे स्क्रू काढले, तुकडे दाराबाहेर नेले, अंगणात पुन्हा जोडले आणि खाली चाकंही बसवली.

"अगं, आत आण तो!"

"तुम्हीच आणा. स्क्रू कुठले काढायचे ते ठाऊक आहे ना?"

त्याला कुठलं ठाऊक! गुपचूप अंगणात जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी सोफा गल्लीच्या तोंडाशी, मग मैदानावर, मग ओढ्यापलीकडे. "ढकलत घरी आणा की," मी म्हटलं. तो म्हणाला, "आजोबा, त्यासाठी आधी त्यावरून उठावं लागतं."

मऊ जागा सुटत नव्हती, म्हणून बाप-लेक रोज चालत सोफा गाठत होते. आधी कुरकुरत, मग गप्पा मारत. वाटेत लोणीला सरडा दिसला, चिखल सापडला, झाडावर लोंबकळता येतं हे कळलं. कोपऱ्यातली जागा पटकावायला ती बापाच्या पुढे पळायला लागली.

शेवटी सोफा टेकडीच्या माथ्यावर गेला. बाईने तो एकटीने कसा चढवला, हे विचारू नका. वारा पाठीशी होता म्हणे. त्या दिवशी चढणीच्या मध्यावर सोफेवाला दगडावर बसला, तोंडाचा आ करून.

"बाबा, या ना लवकर! इथून समुद्र दिसतोय!"

आवाज अगदी माथ्यावरून आला. खणखणीत. नवऱ्याशेजारी थांबलेल्या आईने चमकून वर पाहिलं. एवढं चढून, वर एवढं ओरडायला पोरीकडे दम शिल्लक होता! आणि लोणी सोफ्यावर नव्हतीच. सोफा मागे टाकून ती पार पुढच्या खडकावर उभी होती.

आईने पदराने डोळे पुसले, खिळे-स्क्रूच्या पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि माथ्यावर पोचल्या पोचल्या चाकांना तेल घालायला बसली. नजर समोरच्या उंच डोंगराकडे.

"आई, उद्या मी पण ढकलणार," लोणी धावत येऊन म्हणाली.

"आणि मी?" मागून धापा टाकत आलेल्या बापाने विचारलं.

"तुम्ही पुढून ओढा," आई म्हणाली. "बसा म्हटलं, तर तुम्ही खरंच बसाल."