राखाडी समुद्र

आत्याचा पाय जिन्यावरून घसरला, त्याला प्लास्टर लागलं आणि नाटकाचा समुद्राचा पडदा ऐन वेळी भाचीच्या गळ्यात पडला. भाची म्हणजे चिंगी. वय तेवीस, त्यातली सात वर्षं आत्याच्या हाताखाली रंग घोटण्यात गेलेली. एकटीनं रंगवायचा हा तिचा पहिलाच पडदा.

दिग्दर्शकानं फोनवर आधीच बजावलं होतं, "बाई, समुद्र हवा, पण रंगमंचावर निळा एकच दिसला पाहिजे, नायिकेच्या झग्याचा. चुकलं तर मी काळं कापड लावीन आणि तुमची ती पोरगी इथं पुन्हा दिसायला नको."

"ती चुकायची नाही," आत्यानं छातीठोक सांगितलं होतं. चाळीस वर्षं पडदे रंगवून कमावलेलं नाव तिनं त्या एका वाक्यावर पणाला लावलं होतं.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी ती कुबड्या टेकत नाट्यगृहात शिरली आणि पहिल्या रांगेत बसली. पडदा उलगडला. नारिंगी वाळू, नारिंगी आभाळ आणि मधोमध समुद्र. चांगला निळा!

"हे काय?" दिग्दर्शक उसळला. "निळा नको म्हणून कानीकपाळी ओरडलो होतो मी!"

आत्याचाही तोल सुटला. "अगं कार्टे, एवढं एकच ऐकायचं होतं! निळ्याचा डबा उघडलासच कशाला?"

"उघडलाच नाही."

"मग हा काय आभाळातून पडला?"

"आत्या, आधी बघ, मग शिव्या दे. मी कुठं पळून चाललेय?" चिंगीनं एक काळा पुठ्ठा तिच्या हातात दिला. त्याला मधोमध बटणाएवढं भोक होतं. "एक डोळा मीट. यातून नुसता समुद्र बघ."

आत्यानं बघितलं. भोकात राखाडी रंग होता, ब्रश धुतलेल्या पाण्यासारखा. पुठ्ठा खाली केला, तर समुद्र निळा. वर धरला, पुन्हा राखाडी. अरेच्चा!

"काळा आणि पांढरा, बस," चिंगी म्हणाली. "नारिंगीला खेटून बसला की राखाडी निळा दिसायला लागतो. नेमका कुठला नारिंगी, ते शोधायला अकरा तुकडे रंगवले."

दिग्दर्शकानंही बघितलं, पण त्याचा हेका कायम. "असेल राखाडी! प्रेक्षक काय पुठ्ठे घेऊन बसणार आहेत? मला निळा दिसतोय ना!"

बोलणं काही खोटं नव्हतं.

"ताईंना झगा घालून समोर उभं करा," चिंगी म्हणाली.

नायिका आली. गर्द निळा झगा पडद्यापुढं आला मात्र, समुद्राचा नूरच उतरला. पार राखाडी पडला बिचारा, आणि अख्ख्या रंगमंचावर निळा उरला तो एक झगा. ती आत गेली, समुद्र पुन्हा निळा झाला. दिग्दर्शकानं तिला तीनदा आत-बाहेर करायला लावलं. शेवटी ती वैतागली.

"बाई, मानलं तुम्हाला!" तो आत्याकडे वळला. "युक्ती तुमचीच ना? पोरीकडून करून घेतलीत."

नुसतं 'हो' म्हणायला काय लागत होतं? झाकली मूठ राहिली असती.

"छे!" आत्या कुबडीवर रेलून उठली. "माहीत असतं तर चारचौघांत तिला कार्टी म्हणाले असते का? फसले मी, चांगली फसले! मला जन्मात सुचलं नसतं हे." आणि हे कबूल करताना तिला असा काही अभिमान वाटला, की डोळे भरून आले. "आणि पोरगी काय म्हणता हो तिला? पडदा तिनं रंगवलाय. नीट अहो-जाहो करा."

दिग्दर्शक ओशाळला. घसा खाकरून म्हणाला, "बाई, पुढच्या नाटकात जंगल आहे. कराल का?"

या 'बाई'ला आत्यानं ओ दिली नाही. ती चिंगीकडे बघत उभी राहिली.