डावीकडची नदी

तिसऱ्यांदा ती इअरबडची पांढरी डबी काउंटरवर ठेवताना कानसेनानं घसा खाकरला, तेव्हा दुकानातल्या मुलीनं वर न बघताच विचारलं, "डावाच ना, काका?"

डावाच. उजव्या इअरबडमधून रेकॉर्डिंगमधली नदी अगदी झकास वाहत होती आणि डाव्यातून थेंब गळत नव्हता. पहिल्या खेपेला मुलीनं जोड पुसून, चार्ज करून परत दिला होता. दुसऱ्या खेपेला गॅरंटीत नवाकोरा बदलून दिला होता. आता तिनं डावा बड स्पिरिटच्या कापसानं पुसला, स्वतःच्या कानात घातला आणि मान तिरकी करून ऐकत राहिली.

"वाजतोय की छान. मागे पक्षीसुद्धा आहेत."

"इथे वाजतो. घरी नेला की बंद."

मग इथेच घालून बघा, असं ती म्हणाली. त्यानं घातला. बाहेर एक ट्रक मागे मागे येत होता, शेजारच्या काउंटरवर कुणीतरी फोनची रिंगटोन निवडत होतं. त्या गोंगाटात नदी कुठून कळणार? मुलीनं आणखी एक उपाय सुचवला. हाच बड क्षणभर उजव्या कानाला धरा, लगेच निकाल लागेल. हे ऐकून मात्र तो दुखावला. तीस वर्षं त्यानं पंप उघडले आणि पुन्हा जोडले होते. डाव्या बाजूचा भाग उजवीकडे बसवणारा फिटर त्याच्या लेखी फिटरच नव्हे. बडावर डाव्याची खूण होती, त्याचा आकार डाव्या कानाचा होता.

"जिथला भाग तिथेच बसवायचा असतो," तो म्हणाला.

मुलीनं जांभई दाबली आणि आणखी एक जोड काढून दिला. आता हा शेवटचा, एवढं मात्र तिनं हसत हसत बजावलं.

शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसात त्याला कुणी नावानं हाक मारत नसे. साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे कानसेनच म्हणत, आणि तेही चेष्टेनं नव्हे. हातभर लांबीचा एक जुना स्क्रूड्रायव्हर त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत असे. त्याचं टोक चालत्या पंपाच्या बेअरिंगवर टेकवायचं, लाकडी मूठ डाव्या कानामागच्या हाडावर दाबायची, म्हणजे उजवा हात पाना धरायला मोकळा राहतो. मग डोळे मिटायचे. थोड्या वेळानं तो सांगे, "तीन नंबर. बाहेरचं बेअरिंग. पंधरा दिवस." आणि पंधरा दिवसांनी ते बेअरिंग हमखास राम म्हणे. मागच्याच आठवड्यात नवी इंजिनिअर बाई कंपन मोजायचं यंत्र घेऊन आली होती. यंत्रानं अर्ध्या तासात जे सांगितलं, ते यानं चहा गार व्हायच्या आत सांगून टाकलं होतं. बाई खूश झाली. फक्त नंतर ती कुणाजवळ तरी म्हणाली की माणूस हुशार आहे पण भाव खातो, दारात दोनदा काही विचारलं तर सरळ निघून गेला. हे कानावर आलं तेव्हा तो बुचकळ्यात पडला. बाई बरोबरीनं चालत होती खरी, पण तिनं विचारलं कधी?

असे घोळ हल्ली वाढले होते. आणि त्यात ती घूं.

घूं म्हणजे कोरडं पडत चाललेलं बेअरिंग दूर कुठेतरी फिरत असावं तशी एक अखंड घरघर. घर शांत झालं, दिवे मालवले की ती सुरू होई. आपल्या घरात कोरडं बेअरिंग म्हणजे फिटरची नाचक्कीच. त्यानं फ्रिज बंद करून पाहिला. पंखा उतरवून त्यात तेल घातलं. शेजाऱ्याच्या टाकीचा पंप तर त्यानं न बोलावता जाऊन ग्रीस भरून दिला, आणि शेजारी अजून त्याचे आभार मानायचे की जाब विचारायचा या विचारात होता. एकदा तर त्यानं घराचा मेन स्विचच पाडला. बायको अंधारात पलंगावर बसून होती. तुला आवाज येतोय का, असं त्यानं विचारलं. नाही, म्हणाली. एवढंच. आणि घूं चालूच होती.

झोप उडाली ती उडालीच. शेवटी परगावच्या लेकीनं इथल्याच दुकानातून हे इअरबड घरी पाठवले. फोनमध्ये तिनं आवाजांची यादीच भरून दिली होती: नदी, पाऊस, टेबलफॅन, आगगाडी, आईच्या पोटातला आवाज. हा शेवटचा कुणी जाऊन भरून आणला, असं त्यानं फोनवर विचारलं, तर लेक म्हणाली, "बाबा, चौकशा पुरे. नदी लावा आणि झोपा."

खरं सांगायचं तर त्याला नदी नको होती. लेकीला हे सांगता येण्यासारखं नव्हतं, पण त्याच्या झोपेचं औषध पूर्वी वेगळंच होतं. बायको ग्रंथालयात फाटक्या पुस्तकांची बांधणी करते. दिवसभर सुई-दोरा आणि खळीच्या वासात गप्प बसलेली ही बाई पलंगाला पाठ लागली की बोलू लागे. कुठल्या कोशाची पाठ सुटली, कुणी पानात बिल ठेवून पुस्तक परत केलं, वाचनालयातल्या म्हाताऱ्यांची वर्तमानपत्रावरून कशी जुंपली. तो मध्ये मध्ये "मग?" म्हणायचा. चौथ्या-पाचव्या "मग" ला त्याचा डोळा लागे. ते बोलणं दोनेक वर्षांपूर्वी आटलं होतं. डावा खांदा आखडल्यापासून तो उजव्या कुशीवर झोपायचा, आणि पाठीमागून एक शब्द येत नसे. दिवसा जेवताना ती समोर बसून नीट बोलायची, मीठ जास्त झालं का विचारायची. आडवी झाली की मुकी. काय बिनसलं होतं? सत्तावन्नाव्या वर्षी बायकोला कसं विचारायचं, की तू झोपताना माझ्याशी का बोलत नाहीस? त्याला वाईट वाटे, चांगलंच वाटे. पण त्यानं विचारलं नाही. नदी लावली.

तिसरा जोडही तसाच निघाला.

रविवारी दुपारी घूं भर उजेडात सुरू झाली तेव्हा मात्र त्यानं पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. बायको खिडकीपाशी बसून एका पुस्तकाच्या पानांना चिकटपट्टी लावत होती. तिनं एकदा वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. त्यानं फ्रिजवर टोक टेकवलं, मूठ कानामागे दाबली. फ्रिजचा आवाज स्वच्छ आला, निरोगी. नळाच्या पाइपमध्ये वरच्या मजल्यावरची बादली भरत होती. विजेच्या मीटरमध्ये मुंगीएवढी कुरकुर. यातलं घूं काहीच नव्हतं. फिरत फिरत तो झोपायच्या खोलीत आला आणि कपाटावरच्या किल्लीच्या गजराच्या घड्याळाला, केवळ राहिलं म्हणून, टोक लावलं.

टिक टिक टिक. डाव्या कानामागे हातोडी मारल्यासारखी.

त्यानं स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला. घड्याळ उचलून नुसतंच डाव्या कानाशी धरलं. काही नाही. बंद पडलं की काय म्हणून त्यानं पाहिलं, तर सेकंदकाटा चालला होता. पुन्हा स्क्रूड्रायव्हर: टिक टिक. पुन्हा नुसता कान: काही नाही. मग घड्याळ उजव्या कानाशी नेलं. टिक टिक टिक.

कुठलीही तपासणी तीनदा करायची, ही त्याची शिस्त होती. त्यानं तीनदा केली. तिन्ही वेळा तेच. मग उशीजवळची डबी उघडून त्यानं डावा बड घेतला, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा डावीकडचा भाग उजवीकडे बसवला. नदी वाहू लागली. मुलगी म्हणाली होती तसे मागे पक्षीही होते.

तो पलंगाच्या काठावर बसला. डाव्या कानात त्यानं बोट घातलं, घूं थांबली नाही. घरातलं एकही बेअरिंग कोरडं नव्हतं. यंत्रांचे आवाज इतकी वर्षं हाडातून येत होते, पंपहाउसात तर सगळे हातवारेच करतात, फोन तो उजव्या कानाला लावायचा. मग तपासायची वेळ कधी येणार? ज्या कानावरून त्याचं नाव पडलं होतं, त्या कानाचं दार कधीतरी लागलं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. कधी लागलं? त्याला भीती वाटली. सोमवारी पंपहाउसात हे कुणाला सांगायचं, सांगायचं का, काहीच सुचेना. बड काढून त्यानं डबीत ठेवला, जिथला तिथे.

तो आडवा झाला. उजव्या कुशीवर वळता वळता थांबला आणि खांदा दुखत असूनही डाव्या कुशीवर झाला, ऐकू येणारा कान वर ठेवून. डोळ्यांवर हात घेतला. थोड्या वेळानं बायको आली. रविवारी दुपारी दोघं तासभर पडत. ती त्याच्या डाव्या बाजूच्या आपल्या जागी उताणी झाली. पंखा फिरत होता.

"नकाशांच्या पुस्तकाला काल नवीन पुठ्ठा घातला," असं कुणीतरी म्हणालं.

त्याला आधी वाटलं, फोन चालू राहिला. त्यानं हळूच कान चाचपला. कानात काही नव्हतं.

"निळा घातला. ग्रंथपालबाई म्हणाल्या, हिरवा का नाही. म्हटलं, समुद्र जास्त आहे त्यात." आवाज बायकोचाच होता, हलका, छताकडे बघत बोलल्यासारखा. उत्तरासाठी ती कुठेच थांबत नव्हती. "सकाळी भाऊचा फोन होता. आई जिना उतरत नाही आता. खिडकीत बसून असते. मला म्हणाली, तुझ्याकडे कधी नेतेस. मी म्हटलं, बघू."

ही बोलत होती. हिचं बोलणं आटलंच नव्हतं.

"मग?" तो म्हणाला.

ती एकदम थांबली.

"जागे आहात?"

"मग 'बघू' का म्हणालीस त्यांना?"

ती उठून बसली. त्याच्याकडे तिनं पाहिलं नाही, चादरीची सुरकुती हातानं सरळ करत राहिली. "दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं मी. इथेच. आईला इकडे आणू या का. तुम्ही पाठ करून पडून राहिलात."

"मी नको म्हणालो?"

"नको म्हणाला असतात तर भांडले असते. काहीच म्हणाला नाहीत. तीनदा विचारलं." चादर सरळ झाली होती, तरी ती हात फिरवत होती. "आणि आता तर कानात बोळेच घालून झोपता."

इंजिनिअर बाईचं भाव खाणं, नवाकोरा बदलून आणलेला जोड, शेजाऱ्याचा पंप, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं आणि त्यातलं एकही वाक्य करून सांगता येईना. शेवटी तो एवढंच म्हणाला,

"मला डावीकडून ऐकू येत नाही. आत्ता कळलं. घड्याळावरून."

आता तिनं पाहिलं. कपाटावरच्या घड्याळाकडे, शेजारी ठेवलेल्या स्क्रूड्रायव्हरकडे, मग त्याच्याकडे. तिला पटत होतं की नव्हतं, ते त्याला कळलं नाही.

"तू रोज बोलायचीस?" त्यानं विचारलं.

"रोज. बोलल्याशिवाय मला झोप कुठे येते?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "मग दोन वर्षं मी कुणाशी बोलत होते?"

हे त्याला नीट ऐकू आलं. तो उठला, आपली उशी काखेत घेतली आणि पलंगाला वळसा घालून तिच्या बाजूला येऊन उभा राहिला. सरक, म्हणाला. ती काही न विचारता त्याच्या जागी सरकली. तो तिच्या जागी उताणा झाला. आता ती त्याच्या उजवीकडे होती.

बराच वेळ काहीच आलं नाही. हाही कान गेला की काय, अशी धास्ती त्याला वाटून गेली. मग तिनं घसा साफ केला आणि दोन वर्षांपूर्वीचेच शब्द, त्याच क्रमानं, पुन्हा उच्चारले.

"आईला इकडे आणू या का?"

"हो," तो म्हणाला. जरा जास्तच मोठ्यानं. आपला आवाज कुठवर पोचतो, याचा त्याला आता भरवसा राहिला नव्हता.