माळढोकाचा रकाना

१९४३ साली हैदराबादहून बेंबळीच्या कचेरीत एक कागद आला. आपल्या भागातले पक्षी तीन रकान्यांत लिहून पाठवा: आम, कम, नायाब. आम म्हणजे नेहमीचे, ते कुणीही मारावेत. नायाब म्हणजे दुर्मीळ, त्यांच्यावर गोळी झाडायची नाही. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण साहेबांच्या मते जैनोद्दीन मुनशीला दुसरा उद्योगच नव्हता.

मला कावळा आणि कोंबडी सोडून पक्षी ओळखता येत नव्हते. म्हणून माळावर मेंढरं राखणाऱ्या बिरू धनगराला बोलावून घेतलं. रीत मात्र माझी. रोज दिसतो तो आम, महिन्यातून एकदा दिसतो तो कम, वर्षातून एकदा दिसतो तो नायाब. या अकलेवर मी भलताच खूष होतो.

"चिमणी?"

"म्हयन्यातनं एकदा. गावात आलो तर."

मला हसू आलं. कचेरीच्या आढ्यात चिमण्यांनी उच्छाद मांडला होता. बिरूचं न ऐकता मी चिमणी आममध्ये टाकली.

"माळढोक?"

"रोज दिसतोय की."

ते मात्र जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि यादी हैदराबादला रवाना केली.

दिवाळीनंतर साहेबांचे दोन पाहुणे मोटारीतून शिकारीला आले. ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी बिरू कचेरीच्या दारात उभा.

"मुनशीजी, तिनातले दोन माळढोक मारले."

"तिनातले? अरे, तू तर रोज दिसतो म्हणालास!"

"व्हय. तीनच हुते, तेच रोज दिसायचे. किती हायेत, हे तुमी कुठं इचारलं?"

मला त्याचा राग आला, मग स्वतःचा त्याहून जास्त आला. चिमणीच्या बाबतीत डोकं चालवलं होतं, इथं नाही.

"एक मादी राहिलीया," तो म्हणाला. "तिला नायाबात लिवा. म्हंजी कुणी गोळी घालणार न्हाय."

मी आत साहेबांकडे गेलो. हैदराबादला दुरुस्ती कळवायला त्यांची सही लागत होती. ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात पाहुणे परत येणार आहेत. त्यानंतर बघू."

बाहेर येऊन मी कपाटातली यादीची नक्कल काढली. बिरूच्या देखत माळढोक खोडला आणि नायाबच्या रकान्यात लिहिला. त्यानं त्या ओल्या अक्षरांकडे बराच वेळ बघितलं. वाचता येत नव्हतं त्याला.

"लई उपकार झाले," म्हणाला, आणि हलक्या पावलांनी माळाकडे निघाला. मी त्याला हाक मारली नाही.