आई झोपली आहे

माझी बायको नर्स होती. नोकरी हॉस्पिटलात, पण काम सगळं हॉस्पिटलाबाहेरचं. बाळंतीण घरी गेली की पुढचे सहा आठवडे तिच्या घरी जाऊन तिची विचारपूस करायची, हे तिचं काम. तेवीस वर्षं तिने ते केलं. सगळे तिला सिस्टर म्हणत, त्यामुळे मी आपोआप सगळ्या वस्तीचा भावोजी झालो. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या माणसाला एरवी एवढा मान मिळत नाही.

तिची एक पद्धत होती. घरात शिरल्यावर आधी बाळाकडे बघायचं नाही. घरचे लोक बाळ पुढे करत. ती "हो, हो, बघते" म्हणत हात धुवायला जायची आणि परत येऊन आईसमोर उभी राहायची. पहिला प्रश्न ठरलेला, "पाणी प्यायलीस का?"

उत्तर बहुतेक वेळा नाही असंच असायचं. मग पिशवीतून एक निळा मग निघायचा. चांगला अर्ध्या लिटरचा, कडेचा टवका उडालेला. "पाजायला बसलीस की आधी हा भरून शेजारी ठेवायचा. घरच्या छोट्या ग्लासांवर विश्वास ठेवू नकोस." त्यानंतर झोप, जेवण, टाके, ताप. मग रडू येतं का, कशाने येतं, थांबतं का. "मी मस्त आहे" असं प्रश्न पुरा व्हायच्या आत कोणी म्हटलं, की ही तिथे आणखी अर्धा तास बसायची. एवढं झाल्यावर बाळ.

एकदा एका आजोबांना राहवलं नाही. "सिस्टर, नातू इकडे आहे." ही म्हणाली, "त्याच्याकडे अकरा माणसं बघतायत, आजोबा. हिच्याकडे मी एकटी आहे."

ही पद्धत तिला कोणी शिकवली नव्हती. ती आमच्या घरात तयार झाली आणि तिच्यात माझा वाटा आहे, पण सांगण्यासारखा नाही. आमची मुलगी नऊ दिवसांची होती तेव्हाची गोष्ट. बघायला माणसांची रीघ लागली होती. मी बाहेरच्या खोलीत मुलीला मांडीवर घेऊन बसलो होतो आणि तिचं नाक माझ्यावर गेलंय की नाही यावर सगळ्यांशी हुज्जत घालत होतो. आतून कप फुटल्याचा आवाज आला. मी जागचा हललो नाही. हातातून सुटला असेल म्हटलं. बऱ्याच वेळाने कोणीतरी पाणी प्यायला आत गेलं, तेव्हा ती ओट्याखाली पडलेली सापडली. दोन दिवस अंगात ताप होता. सांगितलं का नाहीस, असं मी नंतर हॉस्पिटलात विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही विचारलं नाहीत." रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

पुढे ती या कामाला लागली तेव्हा एक दिवस म्हणाली, "अहो, मला बाळंतिणीच्या दारावर अडकवायला एक छोटी पाटी करून द्या. दुपारी भेटायला येणारी माणसं थांबली पाहिजेत." मी हौसेने केली. हातभर लांब फळी, पांढरी जमीन, निळी अक्षरं, 'बाळ झोपले आहे'. कोपऱ्यात एक पाळणासुद्धा काढला.

तिने पाटी दोन्ही हातांत धरून वाचली. "अक्षर छान आलंय," म्हणाली. "पुसा."

"का?"

"बाळासाठी सगळे हळू चालतात. त्याला पाटी लागत नाही. झोपायला जागा मिळत नाही ती आईला." आणि दारातून वळून म्हणाली, "पाळणापण पुसा. इतक्या वर्षांनी तुम्ही परत मांडीवर बाळ घेऊन बसलात बघा."

मी पुसली नाही. वरून पांढरा हात मारला आणि 'आई झोपली आहे' असं लिहिलं. घाईत एकच हात मारला, त्यामुळे उन्हात तिरकी धरली की खालचा पाळणा अजून दिसतो. अशी कच्ची पाटी मी दुकानदाराला कधी दिली नसती. तिने तीच तेवीस वर्षं वापरली.

आठ महिन्यांपूर्वी ती गेली. सकाळी कामावर निघताना, बूट घालता घालता. त्याच्या दोनच आठवडे आधी मुलीने फोनवर आनंदाची बातमी दिली होती आणि हिने लगेच सहा आठवड्यांच्या रजेचा अर्ज लिहून ठेवला होता. तारीख तेवढी टाकायची राहिली होती. तिची पिशवी दाराजवळच्या खुंटीला होती ती तशीच राहिली. मी त्या खुंटीशेजारून रोज जात-येत होतो, पण पिशवीला हात लावला नाही.

मुलगी बाळंत झाल्यावर तिच्या आईच्या जागी मी गेलो. जाताना पिशवी काढून न उघडता बॅगेत टाकली. का ते मला सांगता येणार नाही. तिला जायचं होतं, एवढंच डोक्यात होतं.

मुलीला आम्ही मुंगी म्हणतो. लहानपणापासून एका जागी बसलेली कोणी पाहिली नाही. कापडाच्या कारखान्यात ती माल तपासते. हजार वार कापडातून एक सुटलेला धागा शोधून काढणारी बाई. मी पोचलो तेव्हा बाळ सहा दिवसांचं होतं. जावई लिफ्टदुरुस्तीच्या कामावर, त्याची रजा आदल्या दिवशी संपलेली. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. मुंगीने दार उघडलं, हसली आणि बाळ माझ्या हातात दिलं.

मी ते घेतलं. तेवीस वर्षं जेवताना जे ऐकलं होतं, ते सगळं दारातच गळून पडलं. नाक कोणावर गेलंय ते बघत बसलो.

पुढचे दोन दिवस तसेच गेले. मी बाळाला घेऊन फेऱ्या मारत होतो आणि मनात म्हणत होतो, आपली काय मदत होतेय. मुंगी स्वयंपाक करत होती, दुपटी धुऊन दोरीवर घालत होती. फ्रिजवर तिने एक कागद लावला होता. बाळ किती वाजता प्यायलं, किती वेळ झोपलं, किती दुपटी ओली केली, सगळं पट्टीने ओळी आखून लिहिलेलं. "पोरगी आईवर गेली," मी जावयाला म्हणालो. "किती नीटनेटकं."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्या कागदासमोर चहा पीत उभा होतो. पाटीवाल्याची नजर, रिकामी जागा आधी दिसते. बाळाचं सगळं होतं. तिचं एक अक्षर नव्हतं. मग ओट्यावर तिचा चहा दिसला, साय धरलेला. ताटाखाली झाकलेलं कालचं जेवण दिसलं. तेवढ्यात ती आली आणि "बाबा, याला धरा" म्हणून बाळ माझ्याकडे देताना तिचा हात माझ्या हाताला लागला. हात भाजत होता.

"मुंगे, तुला बरं आहे ना?"

"मी मस्त आहे," ती म्हणाली. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत.

मी बाळाला पाळण्यात ठेवलं. बॅगेतून पिशवी काढली. आता थांबायला वेळ नव्हता. आत थर्मामीटर होता, टॉवेल, पेन्सिल, तो मग आणि तळाशी पाटी. मी हात धुतले. निळा मग भरला आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"पाणी प्यायलीस का?"

तिने मगाकडे बघितलं. तो तिने ओळखला. खुर्चीवर बसली आणि सगळा मग एका दमात रिकामा केला. ताप एकशे दोन होता.

"कधीपासून आहे?"

"परवापासून."

"सांगितलं का नाहीस?" हे तोंडातून गेलं आणि मला पुढचं उत्तर ऐकवेना. म्हणून मीच म्हणालो, "मी विचारलं नाही. आता विचारतो. कुठे दुखतं?"

"बाबा, ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही."

"मग ज्यांना सांगण्यासारखं आहे त्यांना सांग." मी बायकोच्या हाताखाली शिकलेल्या धाकट्या नर्सला फोन लावला, मुंगीच्या हातात दिला आणि बाळाला घेऊन जिन्यात गेलो. दार लावून घेतलं. आतून थोडा वेळ बोलणं ऐकू आलं, मग रडणं. मी दार उघडलं नाही. रडू येतं का, हा प्रश्न तिथे आला असणार, हे मला माहीत होतं.

नर्सने मला एवढंच सांगितलं, "भावोजी, दूध साचून गाठ झालीय आणि ताप चढलाय. आज म्हणजे आजच डॉक्टरांना दाखवा. पाजणं थांबवायचं नाही. आणि घरी आल्यावर तिला झोपवा. घरातलं बाकी सगळं तुमच्याकडे."

"मला कुठे येतं?"

"तुम्हाला सगळं पाठ आहे," ती म्हणाली. "सिस्टर म्हणायच्या, यांना वाटतं, मी बोलते तेव्हा आपण फक्त जेवतो."

जावयाने कामावर कळवलं आणि तिला डॉक्टरकडे नेलं. साडेअकराला परत आली. गोळ्या मिळाल्या होत्या. मी दोन अंडी उकडून पावाबरोबर पुढे ठेवली. एक अंडं फुटलं होतं. तिने दोन्ही खाल्ली, बाळाला पाजलं, पाजताना मगातलं पाणी संपवलं आणि निघाली ती ओट्याकडे.

"कुठे?"

"एवढे चार कप विसळते."

"मुंगे," मी म्हणालो, "तुझी आई एकदा कप धरूनच पडली होती. आत जा."

ती गेली. जावई दुपारच्या पाळीला निघाला. मी बाळाला दुपट्यात गुंडाळून घेतलं, पाटी बाहेर दाराला अडकवली, दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर बसलो. आत बसलो असतो तर बाळाच्या पहिल्या आवाजाला ती उठली असती.

तासाभराने खालून दमलेल्या पावलांचा आवाज आला. जावयाची आत्या. दोन्ही हातांत पिशव्या, श्वास लागलेला.

"लिफ्ट बंद," ती म्हणाली. "भाचा जगाच्या लिफ्ट दुरुस्त करतो, स्वतःच्या घरची सोडून. अहो व्याही, तुम्ही पायरीवर का? आमच्या सुनेने बाहेर काढलं की काय?"

मी पाटीकडे बोट दाखवलं. तिने चष्मा चढवून वाचली.

"आई झोपली आहे," ती म्हणाली. "बरं. मी बाळाला बघायला आलेय."

"बाळ इथे आहे. बघा."

"आणि आत?"

"आत जाता येणार नाही. तिला ताप आहे."

मी आयुष्यात पाहुण्याला दारात अडवलं नव्हतं. ते काम हिचं. माझे कान तापले.

"मला चार झाली," आत्या म्हणाली. "दिवसभर झोपलेली बाळंतीण मी पाहिली नाही. आमच्या वेळी कोणी असली पाटी लावली नव्हती."

"माझ्या बायकोच्या वेळीही नव्हती," मी म्हणालो. "मीच लावली नव्हती. पाट्या रंगवणंच माझं काम, तरी."

आत्या पिशव्या भिंतीला टेकवून माझ्या वरच्या पायरीवर बसली आणि दोन्ही गुडघे चोळू लागली. थोड्या वेळाने हात पुढे करून म्हणाली, "आणा इकडे त्याला. तुम्हाला धरता येत नाही." मग आवाज उतरवून म्हणाली, "तिसऱ्याच्या वेळी मला महिनाभर ताप होता. आमच्या यांना अजून माहीत नाही."

"आता झोपता का दुपारी?" मी विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?" ती म्हणाली, पण हसली.

साडेतीनला जावई वर आला. धाकधूक होती म्हणून अर्ध्या पाळीतून सुटून आला होता. हातात अवजारांची पेटी. त्याने पाटी वाचली, आमच्याकडे बघितलं, पेटी अगदी हळू खाली ठेवली, बूट काढले आणि आत्याशेजारी बसला. किल्ली त्याच्या खिशात होती. दार त्याचं होतं.

"लिफ्ट कधी करणार आहेस?" आत्याने कुजबुजत विचारलं.

"आत्या, हळू."

चारला बाळ चुळबुळायला लागलं. त्याने तोंड वेडंवाकडं केलं आणि पहिला आवाज काढला, तेवढ्यात दार उघडलं. मुंगी उभी होती. गालावर उशीची घडी उमटलेली, केस एका बाजूला, कपाळावर घाम. ताप उतरत होता. जिन्यात ओळीने बसलेली आम्ही तिघं आणि मधे बाळ, असं तिने बघितलं. मग वळून पाटी बघितली. तिने ती थोडी तिरकी धरली. जिन्याच्या खिडकीतून ऊन येत होतं. पाळणा तिला दिसला असावा, कारण बोटाने तिने तिथे जरा चोळलं.

"आत का नाही आलात?" तिने विचारलं.

आत्याने माझ्याकडे बघितलं, जावयाने आत्याकडे. बाळाने आता चांगलाच सूर लावला होता आणि आत्या त्याला पुढे करत होती. मी मधे हात घातला.

"आधी सांग," मी म्हणालो, "पाणी प्यायलीस का?"