आरतीची ओळ

आधी जीप येते, मग बालकल्याणच्या बाई गोड बोलतात, मग पिशवी भरली जाते. सांभाळणारी दोन घरं अशीच सुटल्यानं नऊ वर्षांच्या आरतीला क्रम पाठ होता. वेल्ह्याच्या वरच्या वाडीत जीप थांबली, तशी ती शेरडांच्या गोठ्यात लपली.

आता तिला सांभाळणाऱ्या बयाबाईंनी तिला शोधलं नाही. शेरडांना बोलवायचं गाणंच धरलं. गाण्यात ज्याला ओळ मिळाली ते शेरडू विकायचं नाही, ही त्या घरची रीत.

"ये गं काळे, ये गं चांदे..." आणि पुढं नवंच, "ये गं आरते, भ्यालीस जरी, जागा तुझी माझ्या दारी!"

"पोरगी काय शेरडू आहे, मावशी?" बाई हसल्या.

"शेरडू बरं. हाकेला येतं तरी."

आरती बाहेर आली. "बाई, मला ओळ मिळाली. आता न्हेता येत न्हाई."

"न्यायला कोण आलंय? तुला इथं ठेवायची मुदत वाढवायला मावशींची सही हवी."

सही होईपर्यंत आरतीनं बयाबाईंचा पदर काही सोडला नाही.